आठ जणांचा तंबू

जयपूर
१४ सप्टेंबर २०२४

ती. अक्का,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. बाबांच्या दंडकाप्रमाणे हे वाक्य पहिलं लिहिलं. वाईट बातमी पत्रात घालायची नाही, ती माणसाने समोर बसून सांगायची, हे त्यांनी आपल्या दोघांच्या डोक्यात इतकं पक्कं बसवलंय की पाकिटावर पत्ता लिहितानासुद्धा माझा हात आधी 'ठीक' लिहायला जातो.

फोनवर तू नुसतं 'हो का, हो का' करतेस आणि नंतर तो काय म्हणाला हे सुनेला विचारतेस, अशी त्या सुनेकडूनच, कीर्तीकडून, खबर आहे. कानातलं यंत्र पेटीत ठेवायला घेतलंस का? असो, आपलं पत्रच बरं.

तर, मी तंबू घेतोय. हसू नकोस. आठ माणसं झोपतील एवढा मोठा, आणि हवा भरून उभा राहणारा. बांबू नाहीत, लोखंडी दांडे नाहीत. कापडाच्या आत जाड नळ्या असतात, पंपाने हवा भरली की त्यांच्या कमानी होतात आणि दहा मिनिटांत घर उभं. सत्तरीच्या दोघांना दांडे उचलणं जमणार नाही, म्हणून हा. इथल्या चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, लग्नाचे मांडव घालणारे एक ओळखीचे आहेत, त्यांना विचारलं तर ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. म्हणाले, 'साहब, हवा का क्या भरोसा?'

डिसेंबरात मुलं येताहेत. निनाद, सून आणि त्यांची दोन मुलं कॅनडाहून, मैत्रेयी आणि तिची लेक कोचीहून. आम्ही दोघं धरून आठ. आमच्या ऑफिसातले जुने शिपाई सुखदेवजी यांचं कानोत्याच्या धरणाशेजारी शेत आहे, तिथे तीन दिवस राहायचं. तुला माहीतच आहे, मैत्रेयीच्या घटस्फोटात निनाद तिच्या नवऱ्याच्या बाजूने बोलला, का तर तो त्याचा कॉलेजातला मित्र. त्याला आता पाच वर्षं झाली. बहीण-भाऊ एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. प्रतिमाचं म्हणणं, एका तंबूत किती वेळ गप्प बसतील?

आता तुझा सल्ला हवा. दोन प्रकार मिळतात. एकात दोन टोकांना दोन खोल्या आणि मधे बैठक. दुसऱ्यात एकच मोठी खोली, सगळ्यांची अंथरुणं एका ओळीत. कोणता घेऊ? तू आलीस तर नऊ होऊ, पण तू सडपातळ आहेस, मावशील.

तुझा,
देवदत्त


कऱ्हाड
२६ सप्टेंबर २०२४

प्रिय देवदत्त,

अनेक आशीर्वाद. आम्हीही ठीक. यंत्र पेटीत असतं कारण ते कानात घातलं की शेजारच्यांचा कुकर माझ्या डोक्यात शिट्ट्या घालतो.

तुझं पत्र कीर्तीला वाचून दाखवलं. दोघी हसलो. आयुष्यभर विम्याच्या नोकरीत बदल्या झाल्या, बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडलास, आता स्वतःचा फ्लॅट आहे तर तो सोडून शेतात झोपायचं? आणि तेही डिसेंबरात, तिकडच्या थंडीत? प्रतिमाच्या गुडघ्यांचा काही विचार केलास का? तिला जमिनीवरून उठवायला दोन माणसं लागतील. मला तर मुळीच धरू नकोस.

विचारलंस म्हणून सांगते. दोन खोल्यांचा घे. ज्यांचं पटत नाही त्यांना एका ओळीत निजवलं तर तुला मधे कूस बदलायची सोय राहणार नाही. पस्तीस वर्षं मास्तरकी केली आहे मी. भांडलेल्या पोरांना एका बाकावर बसवून काही होत नसतं, त्यांना बरोबर काम द्यावं लागतं.

आणि पत्राच्या शेवटी प्रतिमाच्या दोन ओळी असतात त्या या वेळी कुठे गेल्या? तिच्या त्या गोल गोल अक्षराशिवाय तुझं पत्र अर्धंच वाटतं. रागावली आहे का माझ्यावर?

तुझी अक्का


जयपूर
५ ऑक्टोबर २०२४

अक्का,

पहिलं वाक्य आज लिहीत नाही.

प्रतिमा तुझ्यावर रागावलेली नाही. तिला पेन धरवत नाही. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, ऑगस्टमध्ये कळलं, आणि कळलं तेव्हाच तो यकृतापर्यंत गेला होता. डॉक्टर होळीपर्यंतचं बोलतात आणि बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. तिचं वजन मुलीएवढं झालंय.

मुलांना ठाऊक नाही. तिने मला स्वतःची शपथ घातली. तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा काय झालं ते तुला आठवत असेल. दोघं आली, पण माझ्याकडून एकमेकांच्या तारखा विचारून घेऊन, एक गेल्यावर दुसरं. ती म्हणाली, 'आजारी आईला बघायला बोलावलंत तर पुन्हा तसंच करतील. एक सकाळी खुर्चीवर बसून जाईल, एक संध्याकाळी. मला ते नको. सहलीला म्हणून बोलवा. भांडायला का होईना, एका जागी येऊ देत.'

तंबूची कल्पना तिचीच. फ्लॅटमध्ये तीन दारं आहेत, दारं लावून घेता येतात. म्हणून तिला एकाच खोलीचा हवाय. मी फक्त एवढंच बघतोय की तो उंच असावा, कारण तिला वाकवत नाही, आणि दाराशी उंबरा नसावा, कारण तिचा पाय उचलला जात नाही. दुकानदार विचारतो, साहब, उंबऱ्याचं एवढं काय? त्याला काय सांगू?

तुला सांगितल्यावर जरा श्वास घेता येईल म्हणून लिहायला बसलो.

देवदत्त

(हे पत्र पाकिटात घातलं, तिकीट लावलं. टपालात टाकलं नाही. शपथ मुलांपुरती होती की सगळ्यांसाठी, हे प्रतिमाला विचारायला गेलो तर ती म्हणाली, 'वन्संना कळलं की दुसऱ्या दिवशी निनादला कळेल.')


जयपूर
६ ऑक्टोबर २०२४

ती. अक्का,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. प्रतिमाचं बोट सुजलंय म्हणून तिच्या ओळी नाहीत, राग वगैरे काही नाही.

तुझा सल्ला मोडला, माफ कर. एकाच खोलीचा घेतला. सांगानेरला एक जण असे तंबू विकतो. छपाईच्या कारखान्यामागे त्याचं आवार आहे. दोरीवर ओल्या चादरी वाळत होत्या, त्या बाजूला सारून त्याने माझ्यासमोर तंबू उभा केला. जमिनीवर नुसती गादीसारखी घडी पडलेली, पंप सुरू झाला तसं ते कापड आधी थरथरलं, मग गुडघ्यावर उठलं, मग उभं राहिलं. मी आत जाऊन ताठ उभा राहिलो. टाळूवर वीतभर जागा शिल्लक. आडवं पडून बघितलं, मग सरकत सरकत आठ वेळा आडवं पडून बघितलं. दुकानदाराचे कारागीर चहा प्यायचे थांबले.

मधे एक पडदा येतो, हवा असेल तर चेन ओढून दोन खोल्या करता येतात. तो पडदा मी दुकानदारालाच ठेवून घ्यायला सांगितला. तो म्हणाला, 'साहब, फ्री है.' मी म्हटलं, तरी नको.

निनादची तिकिटं झाली आहेत, एकवीस डिसेंबर. मैत्रेयीला मी सांगून टाकलं की तोही आहे. ती म्हणाली, ठीक है बाबा, येते मी. इतकी वर्षं बाहेर काढली, अडचणीच्या वेळी अजून तिच्या तोंडून हिंदीच येते.

तू एकदा आली असतीस तर बरं झालं असतं. प्रतिमाला तुला भेटायचंय.

तुझा,
देवदत्त


कऱ्हाड
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय देवदत्त,

अनेक आशीर्वाद. प्रतिमाच्या बोटाला हळदीचा लेप लाव, आणि भेटायची एवढी घाई असेल तर तिलाच इकडे घेऊन ये.

कारण आता मोठी बातमी. नातवाची मुंज ठरली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, इथेच, घरापुढे मांडव घालून. तुम्ही सगळ्यांनी आठ दिवस आधी यायचं. तुमच्या हवेच्या घरापेक्षा आमचा मांडव बरा. आणि निनाद-मैत्रेयीचं मी बघते. मुलगा मामाच्या मांडीवर बसतो ना, तर मुंजमुलाचा मामा परदेशात आहे, त्याच्या जागी निनादला बसवणार. मैत्रेयीला मातृभोजनाच्या ताटांचं काम. दोघांना एकमेकांशी बोलल्यावाचून गत्यंतरच ठेवणार नाही. बघच तू.

तुझी अक्का


कऱ्हाड
२२ ऑक्टोबर २०२४
(मोबाईलवर पाठवलेलं. सांगणारी शकुंतला, लिहिणारी कीर्ती.)

चि. निनाद,

आत्याचे आशीर्वाद. मेमध्ये आपल्याकडे मुंज आहे आणि मुलाला मांडीवर घ्यायला मला तू हवा आहेस. बायको-मुलांना घेऊन ये. एका वर्षात दोनदा रजा मिळणार नाही हे मला कळतं, म्हणून स्पष्ट लिहिते. डिसेंबरची ती तंबूची हौस तुझ्या बाबांची आहे. निवृत्त माणसाला काहीतरी खूळ लागतंच. थंडीत पोरांना शेतात झोपवून सर्दी करून घेण्यात काय अर्थ आहे? तिकडे दोघंही खुशाल आहेत, गेल्याच आठवड्यात पत्र आलंय. तिकिटं पुढे ढकल आणि मेमध्ये ये. तेव्हा सगळे असतील, आई-बाबाही इथेच असतील. मी सांगितलं हे त्यांना कळवू नकोस, देवदत्त उगाच रुसेल.


जयपूर
१९ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का,

नमस्कार. इकडे सगळं ठीक.

निनाद डिसेंबरात येत नाही. मेमध्ये येतो म्हणाला. मुलांच्या शाळेचं काहीतरी आहे.

मुंजीची बातमी वाचून आनंद झाला.

देवदत्त


जयपूर
३० डिसेंबर २०२४

अक्का,

आज बाबांचा दंडक मोडतो आहे. समोर बसून सांगण्यासाठी मला तिकडे येता येणार नाही, प्रतिमाला सोडून दोन तास भाजी आणायलासुद्धा जात नाही. तिला कर्करोग आहे, ऑगस्टपासून. बोट सुजलेलं नव्हतं. मी तुला चार महिने खोटं लिहिलं.

आम्ही कानोत्याला गेलो. नाही गेलो असतो तर चाललं असतं, पण ती ऐकेना. मैत्रेयी आणि तिची लेक आली होती. स्टेशनवरून घरात पाऊल टाकल्याबरोबर मैत्रेयीने आईकडे बघितलं आणि चपला काढून सरळ तिच्याजवळ जाऊन बसली. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, 'कितने दिन से?'

सुखदेवजींनी बाजरीचं काढलेलं शेत झाडून ठेवलं होतं. तंबू मी आणि ते, दोघांनी मिळून उभा केला. प्रतिमासाठी खाट आत जाते का हे मी मोजून ठेवलं होतं, ती गेली. बाकी अंथरुणं तिने आमच्याकडून घालून घेतली. खाट धरून चार पुरे होती, तिने आठ करायला लावली. निनादची जागा दाखवली, त्याच्या शेजारी मैत्रेयीची. मैत्रेयी चादरीच्या सुरकुत्या काढत बसली.

सकाळी छताला आतून दव साठलं होतं. आपल्याच श्वासाचं पाणी होतं म्हणे ते, आठ माणसं असती तर टपटप पडलं असतं. प्रतिमा वर बघत होती. मला म्हणाली, 'केवढा मोठा आहे हो हा.' तिची निवड चुकली असं तिला वाटतंय हे माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, बरोबर आहे माप, माणसं यायची आहेत. मग मी बाहेर जाऊन धरणाकडे तोंड करून रडलो. सुखदेवजी दुधाचा तांब्या घेऊन येत होते, ते तसेच मागे वळले.

मैत्रेयी म्हणाली, मी निनादला फोन करते. पाच वर्षांत पहिल्यांदा तिने त्याचं नाव घेतलं. प्रतिमाने तिला थांबवलं. म्हणाली, मे महिन्याला काय उशीर आहे, दोघं मिळून मुंजीत दिसाल मला. डॉक्टर होळीपर्यंतचंच बोलले होते हे तिला माहीत होतं. तरी ती मे म्हणाली आणि आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

संक्रांत झाली की मी तिने घातलेली शपथ मोडून निनादला सांगणार आहे. तू तिला चार ओळी लिही. मी वाचून दाखवीन.

देवदत्त


कऱ्हाड
२८ जानेवारी २०२५

प्रिय देवदत्त,

तुझं तीस तारखेचं पत्र मला नऊला मिळालं. वाचून चार ओळी लिहायला कागद घेतला, तेवढ्यात कीर्तीने फोन आणून दिला. मला ऐकू आलं नाही, पण तिच्या तोंडावरून कळलं. कागद तसाच राहिला.

मी तिकडे येऊ शकले नाही, डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. खरं सांगायचं तर ते हो म्हणाले असते तरी माझी हिंमत झाली नसती. सांगते का ते.

ऑक्टोबरात निनादला मी लिहिलं होतं. डिसेंबरात जाऊ नकोस, मेमध्ये ये म्हणून. तंबूला खूळ म्हटलं. तुम्ही दोघं खुशाल आहात असंही लिहिलं. तुझ्या पत्रात पहिली ओळ तीच होती ना, मी ती खरी धरली. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आणि भावाचं पत्र मला वाचता आलं नाही. आत ताठ उभं राहून उंची बघितलीस, एका खोलीचाच घेतलास, प्रतिमाला भेटायचंय म्हणालास, सगळं लिहिलं होतंस तू. मी आपली मुंजीच्या मांडवात दंग. दोघांना मीच एकत्र आणणार, ही हौस मला होती. खूळ म्हणायचं तर ते माझंच.

त्याची आई मी हिरावली. तुला जे बोलायचं असेल ते बोल. बोलत नाहीस तोवर मला जेवण जात नाही.

तुझी अक्का


जयपूर
१६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का,

उत्तराला उशीर झाला. रोज लिहायला बसत होतो.

तू काय केलंस ते मला नोव्हेंबरातच कळलं होतं. निनादने फोनवर आईला सांगितलं, आत्या म्हणते सगळे मुंजीतच भेटू. फोन ठेवल्यावर प्रतिमा बराच वेळ पडून राहिली. मी पत्र लिहायला कागद घेतला तर तिने तो काढून घेतला. म्हणाली, 'वन्संनी भल्यासाठीच केलं. त्यांना कधी कळू देऊ नका, त्या उरलेलं आयुष्य त्यातच घालवतील.' म्हणून तुला शाळेचं कारण लिहिलं. तिचं पहिलं सांगणं ऐकून काय झालं ते बघितलं, म्हणून हे दुसरं ऐकत नाही. तिला ठाऊक होतं आणि तिच्या मनात तुझ्याविषयी काही नव्हतं, हे तुला माहीत असायला हवं.

माझ्या मनात राग होता. अजून थोडा आहे. खोटं लिहायची सवय मला मोडायची आहे, म्हणून तेही लिहितो. पण ऑक्टोबरात मी तुला सगळं खरं लिहून पाकीट बंद केलं होतं आणि टाकलं नव्हतं. ते टाकलं असतं तर तू निनादला उलट लवकर ये म्हणून लिहिलं असतंस. तेव्हा जेवत जा.

जानेवारीच्या सात तारखेला तिची शुद्ध हरपली. मी निनादला फोन केला, तो पहिल्या विमानाने निघाला. मैत्रेयी आठला पोहोचली. नऊला पहाटे प्रतिमा गेली. दिल्लीवर धुकं होतं, निनादचं विमान दुसरीकडेच उतरवलं, कधी पोहोचेल ते कोणी सांगेना. शेवटी अग्नी मैत्रेयीने दिला. निनाद दुपारी आला. दार तिने उघडलं. म्हणाली, 'साडेदहाला नेलं आईला. तुझी वाट बघितली आम्ही.' पाच वर्षांनी ती त्याच्याशी बोलली ते हे. मग त्याच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली.

चौदाव्या दिवशी निनाद माझ्यासमोर येऊन बसला. त्याने विचारलं, 'बाबा, मला ऑगस्टमध्ये का नाही सांगितलंत?' मी म्हटलं, आईने शपथ घातली होती. तो म्हणाला, 'आई आजारी होती, तिला काहीही वाटू शकत होतं. तुम्ही तर बरे होतात ना?' तुझ्यावर त्याचा राग नाही. आत्याला माहीतच नव्हतं म्हणाला. ज्याला माहीत होतं तो मी.

तो गेला तेव्हा माझ्या पाया पडला नाही. पोहोचल्याचा फोन मैत्रेयीला केला. आता दोघं रोज बोलतात. मुलांचं, आईचं, कधी तासभर. मैत्रेयी मला सांगते, आज निनाद असं म्हणाला, तसं म्हणाला. मी ऐकून घेतो. प्रतिमाला हवं होतं ते झालं. मला वाटत होतं तेव्हा मीही तिथे असेन.

मुंज पुढे ढकलायचा विचार करते आहेस असं कीर्ती म्हणाली. ढकलू नकोस. निनादने तिकिटं ठेवली आहेत, पण मी येणार असलो तर तो येणार नाही, असं त्याने मैत्रेयीला सांगितलंय. तिने मला सांगितलं आणि रडली. म्हणून मी येत नाही. कोणी विचारलं तर तब्येत बरी नाही म्हण.

त्याला मांडीसाठी बसव, ताटं तिच्याकडे दे, तू ठरवलं होतंस तसंच सगळं कर. पंगतीत दोघं शेजारी बसतात का, कोण कोणाला आग्रह करतं, हसतात का, ते नीट बघ आणि मला लिही. सविस्तर लिही.

देवदत्त